मिल्टन की लडलो? १६६०च्या पाठलागावर कादंबरी लिहिण्याआधी

पोर्तुगालच्या राजकन्येशी लग्न ठरवून मुंबई आंदण घेणारा तो दुसरा चार्ल्स. २९ मे १६६० रोजी तो राजा म्हणून लंडनमध्ये आला आणि त्याच्या बापाच्या, पहिल्या चार्ल्सच्या, १६४९मधल्या वधाची बाजू घेतलेल्यांची पळापळ झाली. या धरपकडीवर चरित्रात्मक कादंबरी लिहायची तर दोन नायक हाताशी आहेत. एक कवी जॉन मिल्टन, वधाचं छापील समर्थन करणारा. दुसरा एडमंड लडलो: वधाच्या फर्मानावरच्या ५९ सह्यांपैकी एक त्याची, आणि परागंदा झाल्यावर त्याने आठवणी लिहिल्या.

मिल्टनचा पाठलाग एका शहरात आणि एका वर्षात आटोपतो. मे महिन्यात तो बार्थोलोम्यू क्लोजमध्ये मित्राच्या घरी दडला. १३ ऑगस्टला त्याच्या पुस्तकांच्या जप्तीचा जाहीरनामा निघाला, जल्लादाच्या हातून ती जाळली गेली. २९ ऑगस्टला माफीचा कायदा झाला. माफी नाकारलेल्यांच्या यादीत मिल्टनचं नाव नव्हतं. नवखा लेखक इथे सुटकेचा नि:श्वास टाकतो आणि फसतो, कारण मिल्टनला अटक झाली ती यानंतर. १५ डिसेंबरला सोडण्याचा हुकूम निघाला, तर कोठडीची फी म्हणून १५० पौंड मागितले गेले. कवी अँड्र्यू मार्व्हेल तेव्हा खासदार होता. त्याने १७ तारखेला सभागृहात तक्रार केली. १६६७ साली 'पॅराडाइज लॉस्ट' या त्याच्या महाकाव्याच्या करारावर मिल्टनला रोख मिळाले ५ पौंड. एवढा हिशेब मांडला तरी एक प्रकरण उभं राहतं.

अडचण निवेदनाची आहे. १६५२पासून तो पूर्ण आंधळा. कथा त्याच्या मनातून सांगणार असाल तर खिडकीतून दिसलेला शिपाई बाद. जिन्यावरची पावलं, दारावरची थाप, जळक्या कागदाचा वास एवढंच भांडवल. लिहायचं तेही दुसऱ्याला सांगून. दडलेल्या घरात हा लेखनिक कोण आणि तो फितूर होईल का, यावर अख्खी कादंबरी तोलता येते. त्या तीन महिन्यांची नोंद जवळजवळ नाही, म्हणून कल्पनेला मोकळं रान.

लडलोकडे प्रवास भरपूर. तो स्वतःहून हजर झाला, जामीनदारांना मागे ठेवून निसटला. फ्रान्समधलं दिएप, मग आजच्या स्वित्झर्लंडमधली जिनिव्हा, लोझान आणि शेवटी व्हेव्हे. १६६४ साली त्याचा साथीदार जॉन लाईल लोझानमध्ये गोळी घालून मारला गेला. लडलो १६८९ साली मायदेशी आला, पुन्हा अटकेची मागणी झाली, पुन्हा व्हेव्हे. तिथेच १६९२ साली मेला. बत्तीस वर्षं ओढताना मधली दशकं रटाळ होतात. साधनांतही मेख आहे: १६९८-९९ साली छापलेल्या आठवणींत संपादकाने त्याची कडवी धर्मनिष्ठा छाटून टाकली. १९७० साली वॉरिक किल्ल्यात सापडलेल्या हस्तलिखितात १६६० ते १६७७चा मजकूर आहे. लडलो निवडलात तर तोच धरा, नाहीतर नायक भलताच निघेल.

दोनशे पानांची पहिली कादंबरी असेल तर बेलाशक मिल्टन. दोन खंडांची तयारी असेल तरच लडलो, आणि तोही १६६४पर्यंतच.

तारखा मात्र दोघांच्याही तपासा. इंग्लंडमध्ये सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी १६४९मधला राजवध कागदोपत्री १६४८चा दिसतो. फ्रान्सचं पंचांग तेव्हा इंग्लंडच्या १० दिवस पुढे. लडलो दिएपला उतरला की तारीख बदलायला विसरू नका.