पॅरिसचे मार्मोतां मोने संग्रहालय: मोरिझोच्या दालनासाठी

पॅरिसच्या सोळाव्या विभागात, रानलाग बागेला लागून असलेल्या मार्मोतां मोने संग्रहालयात बहुतेक लोक चित्रकार क्लोद मोनेच्या ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ या चित्रासाठी येतात. मी गेलो होतो ती फ्रेंच चित्रकार बर्थ मोरिझोची (१८४१–१८९५) चित्रे पाहायला. १८७४च्या पहिल्या दृक्‌प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) प्रदर्शनात मोने, देगा, रन्वार यांच्या बरोबरीने तिची चित्रे होती, आणि पुढच्या सात प्रदर्शनांपैकी एकच, १८७९चे, तिने चुकवले. मुलगी ज्युली आदल्याच वर्षी जन्मली होती. मोरिझोचा नातू दनी रुआर याच्या घराण्याकडून आलेल्या चित्रांमुळे तिचे इतके काम एकत्र पाहण्याची सोय येथे आहे.

सर्वांत जास्त वेळ मी ‘आइल ऑफ वाइट बेटावर अजेन माने’ (१८७५) या चित्रापाशी थांबलो. लग्नानंतरच्या प्रवासात रंगवलेला तिचा नवरा, म्हणजे चित्रकार एदुआर मानेचा धाकटा भाऊ, खिडकीशी बसून बाहेर पाहतो आहे आणि बाहेरून एक बाई व एक लहान मुलगी चालली आहे. घरात बायका आणि रस्त्यावर पुरुष, ही त्या काळच्या चित्रांतील नेहमीची मांडणी तिने किती सहज उलटी केली आहे! पडदा, काच, कुंड्या आणि पलीकडच्या बोटी या सगळ्यांना तिने सारख्याच घाईच्या, पण अचूक फटकाऱ्यांनी बांधले आहे. १८८५चे आत्मचित्र याहून धीट वाटते, कारण त्यात कॅनव्हासचा बराच भाग उघडाच सोडलेला आहे. ‘चेरीचे झाड’ मात्र मला थोडे जास्त घोटलेले वाटले.

तिकडून मेट्रोच्या ९ क्रमांकाच्या मार्गाने ला म्युएतहून दोनच स्थानके पुढे, त्रोकादेरोला, उतरले की पासीची दफनभूमी लागते. तेथील थडग्यावर तिची ओळख ‘अजेन मानेची विधवा’ एवढीच कोरलेली आहे. चित्रकार हा शब्द नाही.

संग्रहालय सोमवारी बंद असते. चित्रे अधूनमधून इतरत्र प्रदर्शनांसाठी जात असल्याने एखादे ठरावीक चित्र पाहायचे असेल तर आधी चौकशी करावी. तिचे गाजलेले ‘पाळणा’ येथे नाही. त्यासाठी ओर्से संग्रहालयाचे वेगळे तिकीट काढावे लागते.