आयबीएम मॉडेल एम : नऊ महिन्यांच्या वापरानंतर आणि चार कीबोर्डांच्या खरेदी-विक्रीनंतर

१९८९ साली अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनच्या कारखान्यात तयार झालेला आयबीएम मॉडेल एम गेले नऊ महिने माझ्या टेबलावर आहे. माझा व्यवसाय भाषांतराचा आहे आणि दिवसाचे सहा-सात तास चालणारे माझे मराठी टंकलेखन आता जवळजवळ संपूर्णपणे याच कीबोर्डवर होते. याच काळात याच जातीचे आणखी तीन कीबोर्ड माझ्या हातात आले. त्यांतले दोन मी दुरुस्त करून विकले आणि एक सुट्या भागांसाठी बाजूला ठेवला. म्हणून हा अनुभव वापरणाऱ्याचा आहे, तसाच थोडासा विकणाऱ्याचाही आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. रोज भरपूर लिहिणाऱ्या माणसाला हा कीबोर्ड आजही अतिशय उत्तम साथ देतो. मात्र तो विकत घेताना ‘चालू स्थितीत आहे’ या शब्दांवर विसंबून राहू नये, कारण त्याची खरी अवस्था केसिंग उघडल्याशिवाय कळत नाही.

ज्यांना या वस्तूची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. १९८१ साली आलेल्या पहिल्या आयबीएम पीसीबरोबर मॉडेल एफ हा कीबोर्ड येत असे. त्यात प्रत्येक कळीखाली वाकणारी स्प्रिंग असे, कळ दाबल्याची नोंद विद्युत धारितेतील, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेतील, बदलावरून होत असे आणि तो बनवणे खर्चिक होते. १९८५ मध्ये आलेल्या मॉडेल एमने वाकणारी स्प्रिंग तीच ठेवली, परंतु तिच्याखाली मेम्ब्रेनचे, म्हणजे विद्युत जोडण्या असलेल्या लवचिक प्लॅस्टिकचे, पातळ थर घालून खर्च कमी केला. १०१ कळांची जी मांडणी आज आपण स्वाभाविक समजतो, म्हणजे वरच्या ओळीत फंक्शनच्या कळा, उजवीकडे बाणांच्या कळा आणि त्यापलीकडे अंकांचा वेगळा गट, ती याच कीबोर्डने सर्वत्र रूढ केली. १९९१ साली आयबीएमचा लेक्सिंग्टन येथील हा व्यवसाय वेगळा होऊन लेक्समार्क ही कंपनी अस्तित्वात आली. १९९६ मध्ये लेक्समार्कने कीबोर्डचे काम थांबवल्यावर तिथली यंत्रसामग्री युनिकॉम्पने घेतली, आणि ती कंपनी केंटकीत याच पद्धतीचे कीबोर्ड यूएसबी जोडणीसह आजही बनवते. त्यामुळे ज्याला केवळ या स्प्रिंगचा अनुभव हवा आहे, त्याने जुन्याच्या मागे लागलेच पाहिजे असे नाही.

आपल्याकडे मॉडेल एम इतका क्वचित का आढळतो, याचे कारणही इतिहासातच आहे. आयबीएमने १९७८ मध्ये भारतातला कारभार गुंडाळला आणि ती कंपनी परत आली ती १९९२ मध्ये, टाटांबरोबर भागीदारी करून. मॉडेल एमचा भरभराटीचा काळ नेमका या दोन सालांमध्ये येतो. आपल्या बँकांमध्ये, सरकारी कार्यालयांमध्ये आणि टंकलेखन संस्थांमध्ये ज्या खटखटीत कीबोर्डवर लोकांची बोटे तयार झाली तो बहुतेक ठिकाणी टीव्हीएस गोल्ड, म्हणजे प्रत्येक कळीखाली चेरी कंपनीचा निळा स्विच असलेला कीबोर्ड होता. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी मी अनेक फेऱ्या मारल्या. तिथे टीव्हीएस गोल्ड पुष्कळ वेळा मिळाला, साधे रबरी कीबोर्ड तर ढिगाने होते, परंतु मॉडेल एम मला एकदाच मिळाला, तोही लेक्समार्कच्या काळातला, १९९४ सालचा. माझा सध्याचा १९८९ चा कीबोर्ड न्यू जर्सीत राहणाऱ्या आतेभावाने सुट्टीवर येताना बॅगेतून आणला. हा कीबोर्ड सुमारे सव्वादोन किलो वजनाचा असतो आणि तेवीस किलोच्या बॅगेत त्याने जवळजवळ दहावा हिस्सा व्यापला. तरीही त्याने तो आणला, याबद्दल मी त्याचा मनापासून ऋणी आहे.

आता मुख्य गोष्टीकडे, म्हणजे कळ दाबताना जे घडते त्याकडे येतो. प्रत्येक कळीखाली एका नळकांडीत उभी स्प्रिंग असते आणि स्प्रिंगच्या तळाशी प्लॅस्टिकची एक छोटी डुलणारी पट्टी असते. कळ खाली जाऊ लागली की स्प्रिंग आधी दबते आणि एका ठरावीक क्षणी एका बाजूला एकदम वाकते. ती वाकताना नळकांडीच्या भिंतीवर आपटते, त्याचा आवाज आपल्याला ऐकू येतो, आणि त्याच झटक्याने तळाची पट्टी कलून मेम्ब्रेनवर दाब देते व अक्षर उमटते. बोटाला जाणवणारा झटका, कानाला ऐकू येणारा आवाज आणि पडद्यावरचे अक्षर या तिन्ही गोष्टी एकाच घटनेतून जन्माला येतात. चेरीच्या निळ्या स्विचमध्ये आवाज एका वेगळ्या सरकत्या तुकड्यामुळे येतो. तो वाईट नाही, टीव्हीएस गोल्डवर मी अनेक वर्षे समाधानाने काम केले आहे, परंतु मॉडेल एमवर कळ नोंदली गेली की नाही याबद्दल बोटाच्या मनात शंका उरत नाही. सुरुवातीचे दोन आठवडे कळा जड वाटल्या आणि संध्याकाळी करंगळ्या दुखत. त्यानंतर हात आपोआप हलका पडू लागला, कारण स्प्रिंग वाकली की पुढे दाबत राहण्याचे कारण नसते.

मराठी टंकलेखनासाठी या कीबोर्डचा विचार करणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात. मी इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिपींसाठीची प्रमाण कळमांडणी, वापरतो. तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात, आणि जोडाक्षरासाठी लागणारा हलन्त रोमन डी अक्षराच्या कळीवर असतो. ‘व्यक्तिस्वातंत्र्य’ हा एकच शब्द लिहिताना ती कळ पाच वेळा दाबावी लागते. मऊ रबरी कीबोर्डवर हलन्त निसटून शब्द फुटल्याचे मुद्रितशोधनात मला वारंवार आढळत असे. या नऊ महिन्यांत अशा चुका ठळकपणे कमी झाल्या आहेत. याची नोंद मी वहीत ठेवलेली नाही, त्यामुळे आकडा देत नाही, परंतु दर आठवड्याला तपासणीत जाणारा वेळ घटला आहे हे निश्चित. या कीबोर्डवर विंडोज कळ नाही, कारण ती कळ प्रचारात येण्यापूर्वीची ही रचना आहे. भाषा बदलण्यासाठी मी ऑल्ट आणि शिफ्टची जोडी वापरतो, आणि कॅप्स लॉकची कळ सॉफ्टवेअरमधून विंडोज कळ म्हणून नेमून घेतली आहे. देवनागरीत कॅप्स लॉकचा उपयोग नसतोच, त्यामुळे ही सोय इतकी सवयीची झाली की आता दुसऱ्या कीबोर्डवर गेल्यावर माझे बोट चुकते.

कळांच्या टोप्या पीबीटी नावाच्या टणक प्लॅस्टिकच्या आहेत आणि त्यांवरची अक्षरे रंग प्लॅस्टिकमध्ये मुरवून उमटवलेली आहेत. पस्तीसहून अधिक वर्षांनंतरही एकही अक्षर पुसट झालेले नाही आणि टोप्यांवर तेलकट चकाकी आलेली नाही. बऱ्याच मॉडेल एममध्ये टोपी दोन भागांची असते. वरचा भाग अलगद निघतो, कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून धुता येतो आणि पूर्ण वाळवून परत बसवता येतो. पूर्ण वाळवणे हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो. पुण्यातल्या जुलै महिन्यात मी एकदा घाई केली, ओल स्प्रिंगपर्यंत पोहोचली आणि दोन स्प्रिंगांवर गंज दिसू लागला.

आता रिव्हेटांबद्दल, म्हणजे आतले थर धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या बोंडांबद्दल, कारण या कीबोर्डच्या खरेदी-विक्रीतली सर्वांत महत्त्वाची बाब हीच आहे. आत नळकांड्यांची प्लॅस्टिकची एक मोठी चौकट असते, तिच्यामागे मेम्ब्रेन आणि त्याच्यामागे बाक दिलेली पोलादी पट्टी. हे सगळे थर एकमेकांना घट्ट दाबून धरण्याचे काम प्लॅस्टिकची अनेक छोटी बोंडे करतात. ती चौकटीतूनच निघून पट्टीच्या भोकांतून पलीकडे जातात आणि तिथे वितळवून चपटी केलेली असतात. प्लॅस्टिक वयाने ठिसूळ होते आणि ही बोंडे एकेक करून तुटतात. पुरेशी तुटली की त्या भागातला दाब जातो, कळांचा आवाज बोदा होतो आणि पुढे काही अक्षरे उमटेनाशी होतात. माझा तिसरा कीबोर्ड मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतला. जाहिरातीत तो तपासलेला आणि पूर्ण चालू असल्याचे लिहिले होते, छायाचित्रेही स्वच्छ होती. घरी आल्यावर हलवून पाहिला तर आतून खुळखुळ्यासारखा आवाज आला. उघडल्यावर पट्टीमागे अकरा तुटलेली बोंडे मोकळी पडलेली सापडली. सर्व अक्षरे उमटत होती, म्हणून जाहिरातीतले वाक्य शब्दशः खोटे नव्हते, तरी माझी फसवणूक झाली असेच मी मानतो. तेव्हापासून प्रत्यक्ष खरेदी करताना मी कीबोर्ड कानाजवळ नेऊन हलवतो, आणि दूरवरून घेत असल्यास विक्रेत्याकडून पोलादी पट्टीच्या मागच्या बाजूचे छायाचित्र मागतो. ते देण्यास जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून मी घेत नाही.

यावर उपाय आहे, आणि तो घरी करता येतो. उरलेली बोंडे पातळ छिन्नीने कापायची, थर वेगळे करायचे, प्रत्येक बोंडाच्या जागी बारीक भोक पाडायचे आणि दोन मिलिमीटर जाडीचे स्क्रू व नट लावून सगळे पुन्हा आवळायचे. मला या कामाला चार संध्याकाळी लागल्या. केसिंगचे चार स्क्रू खोल, अरुंद भोकांत बसलेले असतात आणि त्यांना साडेपाच मिलिमीटरचा पातळ भिंतीचा नट ड्रायव्हर लागतो. तो शोधण्यासाठी रविवार पेठेतली तीन दुकाने फिरावी लागली. सर्वांत कठीण भाग भोके पाडण्याचा नसून परत जोडणीचा आहे, कारण सगळ्या स्प्रिंगा आणि त्यांच्या पट्ट्या आपापल्या जागी उभ्या असतानाच वरून मेम्ब्रेन व पोलादी पट्टी बसवावी लागते. एक पट्टी जरी कलली तरी ती कळ मुकी राहते आणि सगळे पुन्हा उघडावे लागते. माझ्याकडून पहिल्या वेळी दोन कळा मुक्या राहिल्या. दुरुस्तीनंतर त्या कीबोर्डचा आवाज आणि झटका माझ्या १९८९ च्या कीबोर्डइतकाच खणखणीत झाला, आणि हे ऐकताना जो आनंद झाला तो त्याच्या विक्रीतून मिळालेल्या पैशांपेक्षा मला मोठा वाटला.

जोडणीबाबत थोडक्यात सांगतो. जुन्या प्रतींना पीएस/२ हे यूएसबीपूर्वीचे गोल टोक किंवा त्याआधीचे पाच पिनांचे टोक असते. यूएसबीसाठी साधे स्वस्त जोडटोक चालत नाही. संकेतांचे रूपांतर करणारे सक्रिय कन्व्हर्टरच घ्यावे लागते. माझे पहिले कन्व्हर्टर अधूनमधून कळ अडकवून ठेवत असे, दुसरे निर्वेध चालले. पीएस/२ चे टोक संगणक चालू असताना काढू-घालू नये. एकाच वेळी अनेक कळा दाबल्यास काही विशिष्ट जोड्यांमध्ये तिसरी कळ नोंदली जात नाही. लेखनात त्याचा त्रास होत नाही, खेळ खेळणाऱ्यांना निश्चित होईल. आवाजाबद्दल मात्र मी स्पष्टपणे सावध करतो. बंद दाराआडही तो ऐकू येतो. रात्री दहानंतर मी दुसरा कीबोर्ड वापरतो, आणि बैठकीत बोलत असताना टिपणे हातानेच घेतो.

विक्रीचा अनुभव असा आहे की बाजारात किंमत ठरते ती मुख्यतः मागच्या कागदी लेबलवरून. त्यावर भाग क्रमांक, तयार झाल्याची तारीख आणि कारखान्याची खूण असते, आणि संग्राहक त्याला जन्मदाखला म्हणतात. १३९१४०१ हा सर्वांत सामान्य क्रमांक आहे. अंकांचा गट नसलेला आखूड १३९१४७२ दुर्मीळ असून त्याची किंमत कितीतरी अधिक असते. चौकोनी चंदेरी बिल्ल्याच्या सुरुवातीच्या प्रतींनाही मागणी असते. संग्रहासाठी हे निकष योग्य आहेत, परंतु ज्याला लिहायचे आहे त्याने केवळ साल पाहून पैसे मोजू नयेत. शाबूत रिव्हेटांचा १९९४ चा कीबोर्ड खिळखिळ्या १९८६ च्या कीबोर्डपेक्षा केव्हाही चांगला, शिवाय नंतरच्या काळातल्या प्रतींमध्ये सांडलेले पाणी बाहेर काढणारे मार्गही केलेले आहेत. चांगला कीबोर्ड मोडून टोप्या, केबल आणि केसिंग वेगवेगळे विकल्यास एकूण पैसे अधिक मिळतात हे मला ठाऊक आहे. मी ते करत नाही आणि कोणी करू नये असे मला मनापासून वाटते, कारण हे कीबोर्ड त्या जुन्या रूपात आता पुन्हा तयार होणार नाहीत.

मी विकलेल्या दोन्ही कीबोर्डांबरोबर आतली छायाचित्रे, काय बदलले त्याची यादी आणि कोणत्या टोप्या मूळच्या नाहीत याची नोंद दिली. जुन्या बाजारातला १९९४ चा कीबोर्ड कोल्हापूरच्या एका वकिलांनी घेतला. त्यात तीन रिव्हेट तुटलेले होते, हे सांगूनच मी किंमत कमी केली होती. स्क्रू लावलेला दुसरा नाशिकला गेला. नफा विचाराल तर साहित्य, कन्व्हर्टर आणि कुरिअर वजा जाता फारसा उरला नाही, आणि वजनामुळे कुरिअरचा खर्च प्रत्येक वेळी अंदाजापेक्षा जास्तच आला. माझ्या १९८९ च्या कीबोर्डमध्ये सध्या दोन रिव्हेट गेलेले आहेत, दोन्ही खालच्या ओळीत, स्पेसबारच्या डावीकडे. आवाजात अजून फरक पडलेला नाही. स्क्रू आणून ठेवले आहेत. पावसाळा संपून हवा कोरडी झाली की तो उघडायला घेईन.