ग्लूटेनविरहित आयरिश सोडा ब्रेड घरी करताना: तयार पीठ, ओट्स की ज्वारी-इसबगोल?

आयर्लंडच्या घराघरांत भाजल्या जाणाऱ्या सोडा ब्रेडला मुळात चारच जिन्नस लागतात: गव्हाचे पीठ, मीठ, खायचा सोडा आणि ताक. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खायचा सोडा तिथल्या सामान्य घरांपर्यंत पोचला. आयर्लंडच्या दमट हवेत पिकणारा, कमी प्रथिनांचा मऊ गहू यीस्टच्या पावाला फारसा मानवत नसे, पण या पावाला तो नेमका जुळला. यीस्टच्या पावासाठी पीठ मळून मळून त्यात ग्लूटेनचे, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाचे, जाळे तयार करावे लागते. सोडा ब्रेडमध्ये मात्र जास्त मळणे हाच दोष मानला जातो, कारण त्याने पाव चिवट होतो. म्हणूनच ज्याला गहू वर्ज्य झाला आहे त्याने घरी पहिला पाव करायला घ्यायचा असेल, तर तो हाच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. गव्हावाचून जे गमवावे लागते ते इथे सर्वांत कमी असते.

तरीही गहू काढून टाकला की काहीच बिघडत नाही, असे नाही. ताकातले आम्ल आणि सोडा एकत्र येताच कार्बन डायऑक्साइड सुटू लागतो, आणि भट्टीच्या आचेने पाव घट्ट होईपर्यंत तो वायू पिठात कोंडून राहावा लागतो. गव्हाच्या पिठात जेमतेम हात फिरवून तयार झालेले ग्लूटेनही हे काम निभावून नेते. तांदूळ, मका, ज्वारी यांच्या पिठांत ती ताण धरण्याची ताकद नसते. त्यामुळे गोळा पसरतो, पाव बसका होतो आणि काप पाडताना त्याचा भुगा होतो. ही उणीव भरून काढण्याच्या तीन वाटा घरगुती स्वयंपाकघरात रुळलेल्या आहेत: दुकानातले तयार मिश्र पीठ आणि झँथन गम (पीठ बांधून ठेवणारी, डिंकासारखी पूड), ओट्स आणि दही, किंवा ज्वारी-तांदळाचे स्वतः जुळवलेले पीठ आणि इसबगोल. तिन्हींतून पाव होतो, पण तिन्ही पाव एकसारखे नसतात, आणि तिन्ही प्रत्येकाला चालतीलच असेही नाही.

निवडीआधी पाव कोणासाठी करायचा आहे, हे पक्के असावे. सीलिअ‍ॅक आजार असलेल्या व्यक्तीला गहू, जव आणि राय यांतील ग्लूटेनचा कणही लहान आतड्याला इजा करू शकतो. हा आजार साधारण शंभरात एकाला असतो, आणि निदान झाल्यावर पथ्य आयुष्यभराचे असते. युरोपीय संघात आणि भारतातही, किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन नसेल तरच पदार्थावर ‘ग्लूटेनविरहित’ असे लिहिता येते. ज्याला केवळ हलके वाटावे म्हणून गहू टाळायचा आहे, त्याला पिठाच्या पाकिटावरील बारीक अक्षरे वाचण्याची तितकी निकड नसते. सीलिअ‍ॅक असलेल्याला मात्र पीठच नव्हे, तर बेकिंग पावडर, चाळणी, लाकडी पाट आणि टोस्टरसुद्धा तपासावा लागतो. ज्यांना अजून निदान झालेले नाही, नुसती शंका आहे, त्यांनी सगळ्या तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू सोडू नये. आधीच सोडला तर तपासणीत आजार दिसून न येण्याची शक्यता असते आणि पुढचा सगळा मार्ग अवघड होतो.

तयार मिश्र पिठाची वाट सर्वांत सोपी आहे आणि पांढऱ्या सोडा ब्रेडच्या सर्वांत जवळ नेणारी आहे. आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये सहज मिळणारे डव्ह्ज फार्मचे साधे पीठ तांदूळ, बटाटा, टॅपिओका, मका आणि बकव्हीट म्हणजे आपले कुट्टू यांचे मिळून केलेले असते. या पिठाचा ‘सेल्फ-रेझिंग’ प्रकारही मिळतो, त्यात फुगवणारे घटक आणि झँथन गम आधीच असतात. सोडा ब्रेडसाठी तो न घेता साधेच पीठ घ्यावे, म्हणजे सोड्याचे प्रमाण आपल्या हातात राहते. साध्या पिठात गम नसेल तर दर १५० ग्रॅम पिठाला पाव चमचा या हिशेबाने घालावा. हात सैल सोडला तर पाव आतून चिकट होतो. ४५० ग्रॅम पिठाला एक सपाट चमचा सोडा, एक चमचा मीठ, एक अंडे आणि सुमारे ४०० मिलिलिटर ताक हे प्रमाण बसते. गव्हाच्या तुलनेत हे पीठ ओले, सैल राहते आणि ते तसेच राहू द्यावे. हाताला चिकटते म्हणून वरून पीठ घालत गेल्यास भाजलेला पाव कोरडा आणि जड होतो.

या पावाबद्दलची मोठी तक्रार रवाळपणाची असते, आणि ती खरी आहे. तांदळाचे पीठ पाणी सावकाश शोषते, आणि सोडा ब्रेडमध्ये तर ताक पडताच पाव भट्टीत ढकलण्याची घाई असते. या दोन्हींचा मेळ घालणारा उपाय मला सर्वांत उपयोगी वाटतो: मूठभर कोरडे पीठ बाजूला ठेवून त्यात सोडा चाळून घ्यावा, उरलेले पीठ ताकात वीसेक मिनिटे भिजू द्यावे आणि सोड्याचे पीठ अगदी शेवटी मिसळून पाव लगेच भट्टीत घालावा. गव्हाच्या पिठात असे दोनदा मिसळले असते तर पाव चिवट झाला असता. इथे चिवट व्हायला ग्लूटेनच नसल्यामुळे ती मोकळीक मिळते. सोडा मात्र चाळूनच घ्यावा, कारण गुठळी राहिली की पावात पिवळट डाग पडतात आणि साबणासारखी चव लागते.

ओट्सची वाट याहूनही कमी कष्टाची आहे. आयर्लंडमध्ये ती इतकी रुळली आहे की अनेक घरांत गव्हाचे पथ्य नसतानाही हाच पाव होतो. दह्याचा ५०० ग्रॅमचा डबा भांड्यात रिकामा करायचा, त्याच डब्याने दोन डबे ओट्स मोजायचे, दोन चमचे सोडा, अर्धा चमचा मीठ आणि एक अंडे घालून लाकडी चमच्याने ढवळायचे, आणि लांबट साच्यात भरून १८० अंशांवर पन्नास मिनिटे ते तासभर भाजायचे. इथे गमही लागत नाही, कारण ओट्समधील बीटा-ग्लुकन हा विरघळणारा तंतू ओलावा धरून ठेवतो आणि पाव बांधतो. चव पांढऱ्या पावाची नसते. ती आयर्लंडच्या तपकिरी सोडा ब्रेडच्या जवळची, किंचित गोडसर आणि दाणेदार असते. लोणी, धुरावलेला सामन मासा किंवा संत्र्याचा मार्मालेड यांच्याबरोबर मला तरी हाच पाव अधिक रुचतो. पोत दमट आणि जडसर असतो, ज्यांना हलका, भुसभुशीत पाव हवा आहे त्यांचे याने समाधान होणार नाही.

पण ओट्सच्या बाबतीत सावधगिरीचा भाग रुचीपेक्षा मोठा आहे. साधे ओट्स शेतात, वाहतुकीत आणि गिरणीत गहू-जवाच्या संपर्कात आलेले असतात, म्हणून सीलिअ‍ॅक असलेल्याने ‘ग्लूटेनविरहित’ असे स्पष्ट लिहिलेलेच ओट्स घ्यावेत. शिवाय ओट्समध्ये अ‍ॅव्हेनिन नावाचे स्वतःचे प्रथिन असते. बहुतेक रुग्णांना ते सोसते, थोड्यांना सोसत नाही. याच कारणाने ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ओट्सवर ‘ग्लूटेनविरहित’ लिहिण्यास मुभाच नाही, मग ते कितीही शुद्ध असोत. निदान नुकतेच झाले असेल तर आतडे सावरेपर्यंत ओट्स बाजूला ठेवावेत आणि पुढे डॉक्टरांच्या किंवा आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने थोडेथोडे सुरू करावेत.

तिसरी वाट स्वतः पीठ जुळवण्याची. ही मेहनतीची आहे, पण काप न तुटता निघणारा, दुसऱ्या दिवशीही मऊ राहणारा पाव हिच्यातूनच मिळतो. दोनशे ग्रॅम ज्वारीचे पीठ, शंभर ग्रॅम तांदळाचे पीठ आणि शंभर ग्रॅम टॅपिओका स्टार्च असा माझा कल आहे. ज्वारी चव आणि अंगभार देते, तांदूळ तिची तुरट छटा सौम्य करतो आणि स्टार्चमुळे कापाला लवचीकपणा येतो. बांधणीचे काम इसबगोलाच्या भुश्याचे. वीस ग्रॅम भुसा सुमारे ४५० मिलिलिटर ताकात पाच-दहा मिनिटे भिजवला की त्याचा घट्ट लगदा होतो. मग त्यात पिठे, एक चमचा सोडा, एक चमचा बेकिंग पावडर आणि मीठ घालून हाताने भराभर एकजीव करावे. झँथन गमच्या पिठाचा गोळा वळता येत नाही, या पिठाचा मात्र येतो, हा दोघांतला सर्वांत ठळक फरक आहे. इसबगोलाची पावडर वापरत असाल तर चमच्याने मोजू नका, वजन करा, कारण तेवढ्याच वजनाची पावडर भुश्यापेक्षा कितीतरी कमी जागा व्यापते.

हा पाव आयर्लंडच्या परंपरेतला नाही, पण तिथे राहणाऱ्या मराठी घरांना तो सर्वांत सहज जमेल असे मला वाटते. भाकरीसाठी ज्वारीच्या पिठात उकळते पाणी का घालतात, हे ज्याला हाताने ठाऊक आहे त्याला ग्लूटेनशिवाय पीठ बांधण्याची गोष्ट नवीन नाही. इसबगोल तर भारतातूनच, मुख्यतः गुजरात आणि राजस्थानातून, जगभर जातो. ज्वारीचे पीठ ताजे हवे. विरी गेलेल्या, जुन्या पिठाची भाकरी जशी चिरते आणि कडवट लागते, तसाच पावही लागतो. धोका दुसरीकडे आहे. महाराष्ट्रात ज्या गिरणीत गहू दळला जातो तिथेच पुढचे दळण ज्वारीचे असते, आणि जात्यात उरलेला गहू त्यात येतोच. सीलिअ‍ॅक असलेल्या माणसासाठी असे दळून आणलेले पीठ चालणार नाही, मग ते कितीही ओळखीच्या गिरणीतले असो. ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून, जिच्यात कधी गहू दळलेला नाही अशा घरगुती घरघंटीत दळावी, किंवा ग्लूटेनची चाचणी झालेले पाकीट घ्यावे. परदेशातील भारतीय दुकानांतली ज्वारीच्या पिठाची पाकिटेही उलटून वाचावीत, कारण ‘गव्हाचा अंश असू शकतो’ अशी सूचना अनेकांवर असते.

आकार कोणता द्यायचा हे पिठावर अवलंबून आहे. पूर्वी आयर्लंडमध्ये हा पाव बॅस्टेबल नावाच्या लोखंडी भांड्यात, झाकणावर पीटचे (दलदलीतून खणून वाळवलेल्या जळणाचे) निखारे रचून भाजत, आणि मधोमध आच पोचावी म्हणून गोल पावावर खोल फुली कापत. या फुलीतून पऱ्या बाहेर पडतात, असेही तिथली माणसे सांगतात. इसबगोलाच्या पिठाचा असा गोल पाव होतो. तयार पिठाचा करायचा असेल तर झाकणाच्या जड बिडाच्या भांड्यात करावा, म्हणजे तो पसरत नाही. ओट्सच्या पावाला साचाच हवा. भट्टी नसेल तर उत्तर आयर्लंडमधल्या फार्लचा विचार करावा: पिठाची जाडसर चकती चार भागांत कापून तव्यावर, मंद आचेवर, दोन्ही बाजूंनी भाजतात. आपल्या बिडाच्या तव्यावर तो उत्तम होतो, मात्र त्या तव्यावर पोळ्या होत असतील तर सीलिअ‍ॅक असलेल्यासाठी तवा वेगळा ठेवावा.

ताकाबद्दल थोडेसे. आयर्लंडमध्ये दुकानात मिळणारे ताक दाट आणि आंबट असते. आपले घरचे पातळ ताक वापरल्यास आम्ल कमी पडते आणि सोड्याची चव मागे उरते. त्यापेक्षा आंबट दह्यात एक चतुर्थांश पाणी घालून घुसळून घ्यावे. नुकत्याच निदान झालेल्या अनेकांना काही काळ दूधही सोसत नाही. त्यांनी सोयाच्या दुधात, दर २४० मिलिलिटरमागे एक मोठा चमचा लिंबाचा रस घालून ते वापरावे.

तेव्हा घरात एकालाच पथ्य असेल, पाव अधूनमधून आणि तोही ताजा खायचा असेल, तर तयार पीठ घ्यावे. ओट्स सोसतात याची खात्री असेल तर रोजच्या न्याहारीसाठी ओट्सचा पाव करावा. त्यात कष्ट कमी आणि तंतू भरपूर. आठवड्याला पाव लागणार असेल, डब्यात सँडविच द्यायचे असेल किंवा ओट्स चालत नसतील, तर ज्वारी-इसबगोलाची मेहनत घेण्यासारखी आहे. खर्चाचा हिशेब देशानुसार बदलतो: महाराष्ट्रात ज्वारीचा पाव सर्वांत स्वस्त पडेल, आयर्लंडमध्ये बहुधा ओट्सचा. तिथे सीलिअ‍ॅकचे निदान झालेल्या व्यक्तीला ग्लूटेनविरहित खाद्यपदार्थांच्या खर्चावर २० टक्के दराने प्राप्तिकरात सवलत मागता येते, म्हणून पिठाच्या आणि ओट्सच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

तिन्ही पाव पूर्ण निवल्याशिवाय कापू नयेत, कारण आतला स्टार्च थंड होतानाच घट्ट होतो आणि गरम असताना काप चिकट निघतात. शिळेपण यांना गव्हाच्या पावापेक्षा लवकर येते, आणि फ्रिजमध्ये तर ते आणखी वेगाने येते. म्हणून त्याच दिवशी जेवढा संपेल तेवढा बाहेर ठेवावा, उरलेल्याचे काप करून मध्ये कागद घालून फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि लागेल तसे थेट टोस्टरमध्ये किंवा तव्यावर भाजून घ्यावेत.