नाशिक ते फ्रँकफर्ट: दोन मांजरं, एक आई आणि ८ किलोचा काटा

आधी निकाल सांगते, रडगाणं नंतर. थेट विमान, मांजर आपल्या पायाशी केबिनमध्ये, पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा स्टार कापला तो मुंबईच्या काउंटरसाठी, आणि तिथल्या एका माणसापायी आख्ख्या एअरलाइनला नावं ठेवायची नाहीत म्हणून तिचं नाव लिहीत नाहीये. मांजर घेऊन लांबचं विमान निवडताना जेवण कसं, टीव्ही केवढा, पाय पसरायला जागा किती हे सगळं बाजूला ठेवा, विमान थेट आहे का आणि मांजर बॅगेसकट किती भरतं एवढंच बघा. आमचं सगळं घोडं त्या दुसऱ्या गोष्टीवर अडलं होतं, तेही फक्त आठशे ग्रॅमवर.

तर आमच्याकडे दोन मांजरं. चिंगी, साडेतीन किलो, तिचा काहीच प्रश्न नव्हता. आणि भाऊसाहेब. भाऊसाहेब म्हणजे गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून वर आलेला बोका, जो पहिल्या दिवसापासून घर आपल्या नावावर असल्यासारखा वागतो, म्हणून हे नाव. नवऱ्याला जर्मनीत नोकरी लागली, तो पुढे गेला, मी मागून मांजरं घेऊन जायचं असं ठरलं. सगळे म्हणाले अगं ठेव ना कोणाकडे तरी. कोणाकडे ठेवू, भाऊसाहेबांना?

पहिला फोन मुंबईच्या एका एजंटला केला, पाळीव प्राणी परदेशी पाठवतात त्यातला. त्याने तीन मिनिटांत सांगून टाकलं की भारतातून मांजर फक्त कार्गोनेच जातं, केबिनचं विसरा मॅडम, आणि जो आकडा सांगितला त्यात माझी आणि आईची जाऊन येऊन तिकिटं निघाली असती. मी त्या दिवशी रडलेच होते. नंतर एकेका एअरलाइनचे नियम वाचत बसले तर कळलं की हे धादांत खोटं आहे, म्हणजे काही ठिकाणी खरं आहे पण सगळीकडे नाही. एमिरेट्सने जायचं तर मांजर केबिनमध्ये चालत नाही. कतार एअरवेजच्या केबिनमध्येही मांजर चालत नाही, पण ससाणा चालतो, इकॉनॉमीत, चेष्टा नाही करत, शिकारी ससाण्यासाठी रीतसर नियम आहेत त्यांचे. हे मी आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली मग भाऊसाहेबांना पंख लाव.

लुफ्तान्सा, केएलएम, एअर फ्रान्स, टर्किश हे मात्र छोटं मांजर केबिनमध्ये घेतात, आणि या चौघांचा आकडा एकच, ८ किलो, बॅग धरून. बॅग धरून हे दोन शब्द नीट वाचा, मी पहिल्यांदा वाचले नव्हते. केएलएमची एक गंमत म्हणजे लांबच्या फ्लाइटला बिझनेस क्लासमध्ये मांजर चालत नाही, इकॉनॉमीत चालतं, म्हणजे जास्त पैसे भरून उलटा पोपट होतो.

टर्किशचं तिकीट सगळ्यात स्वस्त दिसत होतं आणि मी जवळजवळ काढलंच होतं. पण मग इस्तंबूलला उतरायचं, चार तास बसायचं, तिथे पुन्हा सिक्युरिटी, आणि सिक्युरिटी म्हणजे काय तर मांजर बॅगेतून बाहेर काढायचं आणि रिकामी बॅग मशीनमधून घालायची. अनोळखी विमानतळावर घाबरलेलं मांजर एकदा हातात धरणं पुरे आहे, दोनदा नको. मुंबई ते फ्रँकफर्ट थेट विमान साधारण नऊ तासांचं, तेच घेतलं, तिकीट महाग पडलं, अजिबात पश्चात्ताप नाही.

आता वजन. सप्टेंबरमध्ये मी भाऊसाहेबांना उचलून बाथरूममधल्या काट्यावर उभी राहिले, मग एकटी उभी राहिले, वजाबाकी केली तर ७ किलो ४००. जी देखणी बॅग मी आधीच मागवून ठेवली होती, खाली पुठ्ठा आणि बाजूला चार खिसे, ती १ किलो ४००. झाले ८ किलो ८००. एअरलाइनवाले म्हणाले ८ च्या वर गेलं की खाली होल्डमध्ये, म्हणजे विमानाच्या पोटात सामान ठेवतात तिथे. होल्ड म्हणजे काही राक्षस नाही हे खरं, प्राणी ठेवतात तो भाग गरम ठेवलेला असतो, हवेचा दाबही केबिनसारखाच असतो, पण त्याला आयएटीएच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या, मापाचा कडक पिंजरा लागतो, मांजर आत ताठ उभं राहिलं पाहिजे आणि गोल फिरता आलं पाहिजे, आणि नऊ तास ते एकटं. पर्शियन वगैरे चपट्या नाकाची मांजरं असतील तर बऱ्याच एअरलाइन त्यांना होल्डमध्ये घेतच नाहीत, श्वासाचा त्रास होतो म्हणून, त्यांना तर केबिन सोडून दुसरा रस्ताच नाही.

मग दोन गोष्टी केल्या. बॅग बदलली, साधी मऊ कापडी, जाळीची, ९५० ग्रॅम. आणि भाऊसाहेबांचं डाएट. आमच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं की मांजराला उपाशी ठेवायचं नाही, जाड मांजर दोन तीन दिवस जेवलं नाही तरी लिव्हरवर चरबी चढते आणि जीवावर बेततं, तेव्हा हळूहळू, रोजचं थोडं कमी, चार पाच महिन्यांत. आम्ही वाटी सोडून ग्रॅमवर आलो. पहाटे पाचला माझ्या छातीवर बसून तोंडाजवळ तोंड आणून बघत राहायचा, आवाज नाही, नुसतं बघणं. आई लपून चिकनचा तुकडा द्यायची हे नोव्हेंबरात उघडकीला आलं. त्या महिन्यात वजन वाढलं होतं.

फेब्रुवारीत निघायच्या आधी घरच्या काट्यावर माझा विश्वास राहिला नव्हता. पिंपळगावला मामांच्या शेडवर द्राक्षाचे क्रेट मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे, सीझन जोरात होता, बाया माल निवडत बसलेल्या, त्यात आम्ही बॅग घेऊन हजर. मामांनी क्रेट बाजूला केला, काटा शून्यावर आणला, बॅग ठेवली. भाऊसाहेब आत हलले की आकडा हलायचा. ७.९२, ७.८०, ७.८८, आणि मग ते एकदाचे बसले तेव्हा ७.८५०. बसायचं पॅड धरून. एका बाईने विचारलं, एक्स्पोर्टचा माल आहे का? मामा म्हणाले हो, युरोपलाच चाललाय.

कागदांचं सगळं सांगत बसले तर रात्र होईल पण एक ठेच आम्हाला लागली ती तुम्हाला लागू नये. आमच्या दोघांना दरवर्षी रेबीजची लस होती, फाइल व्यवस्थित, म्हणून आम्ही निर्धास्त. पण युरोपच्या नियमात आधी मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवतात ती ओळखनंबराची चिप, १५ आकडी, आयएसओवाली, आणि लस त्यानंतरची. चिपच्या आधीची लस धरत नाहीत. म्हणजे सगळ्या जुन्या लसी पाण्यात, सप्टेंबरमध्ये चिप बसवून पुन्हा लस. मग कमीत कमी ३० दिवस थांबून रक्त काढायचं, ते ईयूने मान्य केलेल्या लॅबमध्येच तपासायचं, रेबीजच्या अँटिबॉडीज ०.५ किंवा जास्त यायला हव्यात, आणि रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने वाट बघायची, कारण ही तपासणी माफ असलेल्या देशांच्या त्यांच्या यादीत भारत नाही. चार महिने तर इथेच गेले. तिकीट काढून मग चिप बसवायला निघालात तर तिकीट फुकट जाईल. लंडनला न्यायचं असेल तर आणखी वेगळं, यूकेत मांजर केबिनमधून उतरतच नाही, कार्गोनेच आणावं लागतं, तिथे तो एजंट बरोबर होता. ऑस्ट्रेलियात तर भारतातून थेट नेताच येत नाही, मधे दुसऱ्या मान्य देशात राहून जावं लागतं. अमेरिकेला मांजराचे कागद त्यामानाने खूप सोपे आहेत पण थेट विमान पंधरा सोळा तासांचं, तिथे मी काय केलं असतं मला माहीत नाही.

शेवटच्या दिवसांत मुंबईच्या अॅनिमल क्वारंटाइन ऑफिसमधून सरकारी हेल्थ सर्टिफिकेट घ्यायचं, ते ईयूत शिरायला १० दिवसच चालतं, त्यामुळे लवकर जाऊन उपयोग नाही. तिथे आम्ही मांजरांना घेऊन गेलो. जाताना ड्रायव्हरने जुना कसारा घाट घेतला आणि दुसऱ्या वळणावर चिंगी ओकली, चौथ्या वळणावर आई. त्यामुळे फ्लाइटच्या दिवशी मी हट्टाने समृद्धीने नेलं, जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा सुरू झालाय, बोगद्यातून सरळ, एकही वळण नाही म्हटलं तरी चालेल. दोघं गप्प. टोल देताना पहिल्यांदाच बरं वाटलं.

एका माणसामागे एकच मांजर हा आमच्या एअरलाइनचा नियम, म्हणून आई. आईला मांजरांचं प्रेम आहे असं नाही, तिला तीन महिने जर्मनी बघायची होती, त्या बदल्यात चिंगी तिच्या सीटखाली. एका विमानात किती प्राणी घ्यायचे तेही ठरलेलं असतं, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी फोन करून मांजराची जागा आहे का विचारायचं. मी केला होता. फोनवरच्या मुलाने दोन्ही मांजरं ॲड केली म्हणून सांगितलं. काउंटरवर बुकिंगमध्ये एकच मांजर! रात्री साडेअकराला टर्मिनल २ वर, मागे रांग, आणि समोरचा माणूस म्हणतो दुसरं दिसत नाही मॅडम. नशीब मी फोननंतर ईमेलवर लेखी मागून घेतलं होतं, तो ईमेल प्रिंट काढून ठेवला होता. पस्तीस मिनिटं गेली. मग त्याने भाऊसाहेबांचं वजन तीन वेळा केलं, बहुतेक राग आला असावा, तिन्ही वेळा ७.९. मी मनात मामांच्या काट्याला हात जोडले. फोनवर सांगितलेलं धरू नका, लेखी घ्या, एवढं ऐका माझं.

सिक्युरिटीला उलटा अनुभव. सीआयएसएफच्या ताईंनी आम्हाला पडद्याआड नेलं, तिथे बॅग उघडली. हार्नेस घरूनच घालून ठेवला होता, एक महिना रोज संध्याकाळी घालून सवय केली होती, तो नसता तर भाऊसाहेब आज मुंबई विमानतळाचे रहिवासी असते. त्याने चारही पायांची नखं माझ्या खांद्यात रोवली, कान मागे, छाती इतकी धडधडत होती की मला माझीच वाटली. ताईंनी विचारलं, चावतो का? आई मागून म्हणाली, नाही हो, भाऊसाहेब आहेत ते. ताईंनी मग रिकामी बॅग स्वतः मशीनपर्यंत नेली आणि परत आणून दिली.

झोपेची गोळी द्या म्हणून सांगणारे भरपूर भेटतील. आमच्या डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं, गुंगीच्या औषधाने श्वास आणि ब्लड प्रेशर दोन्ही खाली जातं आणि वर हवेत ते धोक्याचं. निघायच्या पाच सहा तास आधी जेवण बंद, पाणी थोडं थोडं, बॅगेत नवऱ्याचा न धुतलेला टीशर्ट. विमान उडताना दोघांनी दोन मिनिटं बेंबीच्या देठापासून आरडाओरडा केला पण इंजिनच्या आवाजात आमच्याशिवाय कोणाला ऐकू गेला नाही. मग नऊ तास शांत. मी दर अर्ध्या तासाने जाळीतून बोट घालून बघत होते, शेवटी त्याने चावा घेतला तेव्हा खात्री पटली. आईने चिंगीच्या बॅगेवर एक पाय टेकवून पूर्ण झोप काढली. विमानातल्या बाईने दोनदा पाणी आणून विचारलं, तिला पाच स्टार.

एक सांगायचं राहिलं. मटण चिकन असलेलं मांजराचं खाणं युरोपात आपल्या सामानातून नेता येत नाही, डॉक्टरी खाणं वेगळं, बाकी नाही. दुधाचे पदार्थही नाहीत. आईने साजूक तुपाचा डबा आणि पेढे भरले होते, ते मुलुंडला मावशीकडे उतरवले तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता. नवऱ्याला आधीच तिथलं खाणं आणून ठेवायला सांगा, आणि वाळूही.

फ्रँकफर्टला कस्टमच्या लाल दरवाज्यातून जायचं, हिरव्यातून नाही. ऑफिसरने चिप वाचायचं मशीन मानेवर फिरवलं, एकदा बीप, कागदावरचा नंबर जुळवला, शिक्का. सहा महिन्यांची तयारी, काम चार मिनिटांचं. मग बायकांच्या टॉयलेटमध्ये घडीचा ट्रे उघडून मूठभर वाळू टाकली, चिंगीने तिथल्या तिथे काम उरकलं, भाऊसाहेबांनी घर येईपर्यंत धरून ठेवलं.

ती ९५० ग्रॅमवाली बॅग आईबरोबर नाशिकला परत पाठवली आहे, धुऊन, उन्हात वाळवून. गंगापूर रोड, कॉलेज रोडकडच्या कोणाला प्रवासापुरती हवी असेल तर आईकडून घेऊन जा, पैसे नकोत. डाव्या बाजूची चेन जरा अडकते, मेणबत्ती घासली की चालते.