कुत्र्याचं पोट बिघडलंय: दहीभात द्यावा की चिकन-भात?

आपल्याकडे कुत्र्याला जुलाब लागले की पहिला हात दह्याच्या भांड्याकडे जातो. स्वस्त, घरात असतंच, आणि शाकाहारी घरात प्रश्नच मिटला. शिवाय विरजताना दुधातली काही साखर जिवाणू खातात, म्हणून दुधापेक्षा दही सोसतं. पण सोसतं म्हणजे सगळ्यांना नाही. वयाने मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचवणं जड जातं. काहींचे जुलाब दह्याने वाढतात. म्हशीच्या दुधाचं सायीचं दही तर नकोच, स्निग्धांश पोटावर येतो.

माझं मत चिकन-भाताला. कातडं आणि हाडं काढलेलं चिकन नुसत्या पाण्यात उकडायचं, बोटांनी तंतू सुटे करायचे, एक वाटी चिकनला दोन वाट्या मऊ, गिच्च भात. मीठ, तेल, फोडणी काही नाही. कांदा-लसूण अजिबात नाही, ते कुत्र्यांना विषारी. घरच्या रश्श्यातला तुकडा धुऊन घालणं हा शॉर्टकट चालत नाही. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्या. शी घट्ट झाली की दोन-तीन दिवसांत नेहमीचं अन्न हळूहळू मिसळा. चिकनची ॲलर्जी असेल तर मात्र दह्याकडे वळा: ताजं, बिनसाखरेचं, भातात चमचाभरच.

उलट्या थांबत नसतील, शीमध्ये रक्त असेल किंवा पिल्लू असेल तर दोन्ही भात बाजूला ठेवून थेट पशुवैद्य गाठा. लस न झालेल्या पिल्लात हा पार्वो, म्हणजे विषाणूमुळे होणारा जीवघेणा आजार, असू शकतो. आणि माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या देऊ नका.