‘यूएन-संलग्न’ पर्यावरण-विकास पदव्युत्तर पदवी : पैसे कोणत्या टप्प्यांवर उकळले जातात

पर्यावरण आणि आंतरराष्ट्रीय विकास या विषयात एमए किंवा एमएससी करायला निघालेला माणूस सहसा आयती पदवी विकत घेणारा नसतो. त्याने एखाद्या संस्थेत दोन-तीन वर्षं काम केलेलं असतं, त्याला पुढेही याच क्षेत्रात राहायचं असतं, आणि वर्गातल्या अभ्यासाइतकीच प्रत्यक्ष फील्डवर जाण्याची ओढ असते. ठगांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून या विषयातली फसवणूक नुसत्या बनावट प्रमाणपत्रावर थांबत नाही. शिष्यवृत्ती, संयुक्त राष्ट्रांचं नाव, फील्डवर्क आणि हवामान परिषदेचा पास अशा चार दारांतून ती येते, आणि प्रत्येक दारावर वेगळे पैसे मागते.

पहिलं पत्र येतं ते शिष्यवृत्तीचं. बहुतेक वेळा अर्धवट शिष्यवृत्तीचं, आणि त्यामागे हिशेब असतो. सगळं फुकट म्हटलं की माणसाला शंका येते. ‘७० टक्के शुल्क माफ, उरलेले ३० टक्के आठवड्याभरात भरा’ म्हटलं की व्यवहार खरा वाटतो. ते ३० टक्के हीच ठगांची सगळी कमाई. माफ झालेलं शुल्क मुळात कुठे अस्तित्वातच नसतं.

या क्षेत्रातल्या खऱ्या शिष्यवृत्त्या कशा चालतात ते माहीत असलं तर हे पत्र लगेच उघडं पडतं. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगसाठी तिच्याच संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो, किमान २ वर्षांचा म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो आणि मुलाखत होते. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडसमध्ये अर्ज थेट त्या अभ्यासक्रमाच्या विद्यापीठ-गटाकडे जातो. निवड झाली तर दरमहा १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने, विद्यार्थ्यालाच मिळतात. जर्मनीच्या डाड या शैक्षणिक विनिमय संस्थेची विकासविषयक शिष्यवृत्ती, म्हणजे इपॉस, हवी असेल तर थेट अभ्यासक्रमाकडे अर्ज जातो. तिथेही साधारण २ वर्षांचा अनुभव लागतो आणि शेवटची पदवी ६ वर्षांहून जुनी चालत नाही. यांतली एकही शिष्यवृत्ती अर्ज न करता मिळत नाही, आणि एकीच्याही अर्जाला पैसे लागत नाहीत.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. काही खरी विद्यापीठं स्वतःच्या प्रवेश-अर्जाचं शुल्क घेतात, आणि प्रवेश पक्का करायला डिपॉझिटही मागतात. त्यामुळे ‘पैसे मागितले म्हणजे ठगच’ असं सूत्र धरू नका. पैसे कुठे मागितले ते बघा. खरं डिपॉझिट विद्यापीठाच्या स्वतःच्या पोर्टलवर, तुमच्या विद्यार्थी क्रमांकावर जमा होतं. व्यक्तीच्या नावाचं खातं, तिसऱ्याच देशातली ‘भागीदार कंपनी’ किंवा क्रिप्टो वॉलेट समोर आलं की तिथेच थांबा, कारणं कितीही पटणारी दिली तरी.

दुसरं दार संयुक्त राष्ट्रांचं, आणि बरीच माणसं इथे फसतात. माहितीपत्रकावर निळं बोधचिन्ह असतं, शाश्वत विकास उद्दिष्टांचं १७ रंगांचं चक्र असतं, ‘यूएन ग्लोबल कॉम्पॅक्टचे सदस्य’, ‘युनेस्को-मान्यताप्राप्त’, ‘इकोसॉकमध्ये सल्लागार दर्जा’ अशी वाक्यं असतात. एकेक वाक्य सुटं करून पाहा. संयुक्त राष्ट्रांचं बोधचिन्ह आणि नाव वापरण्यावर १९४६ च्या महासभेच्या ठरावापासून निर्बंध आहेत. ग्लोबल कॉम्पॅक्ट हा ऐच्छिक उपक्रम आहे, त्यात हजारो कंपन्या आहेत, आणि त्याच्या सदस्यत्वाने कुणाच्या शिक्षणाचा दर्जा ठरत नाही. इकोसॉक म्हणजे संयुक्त राष्ट्रांची आर्थिक व सामाजिक परिषद; तिचा सल्लागार दर्जा स्वयंसेवी संस्थांना बैठकींत सहभागी होण्यासाठी दिला जातो, पदव्या देण्यासाठी नाही. आणि युनेस्को कोणत्याही विद्यापीठाला मान्यता देतच नाही. तो अधिकार त्या त्या देशाच्या यंत्रणेचा. म्हणजे यातलं एखादं वाक्य खरं निघालं तरी पदवीच्या मान्यतेबद्दल ते काहीच सांगत नाही.

गोंधळ वाढतो कारण संयुक्त राष्ट्रांच्या कुळातल्या, पदवी देणाऱ्या खऱ्या संस्थाही आहेत. टोकियोत मुख्यालय असलेलं संयुक्त राष्ट्र विद्यापीठ आहे. त्याची बॉनमधली संस्था बॉन विद्यापीठाबरोबर पर्यावरणीय जोखीम आणि मानवी सुरक्षा या विषयात पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवते. कोस्टा रिकामधलं युनिव्हर्सिटी फॉर पीस १९८० मध्ये महासभेच्या ठरावाने स्थापन झालं. ठग यांच्याच नावांतले शब्द उलटसुलट जोडतात. ‘ग्लोबल’, ‘पीस’, ‘सस्टेनेबल’, ‘नेशन्स’ हे चार शब्द कसेही लावले तरी एक विश्वासार्ह नाव तयार होतं.

मान्यता तपासायची तर आंतरराष्ट्रीय विद्यापीठ संघटनेची ‘वर्ल्ड हायर एज्युकेशन डेटाबेस’ ही यादी बघा. ती युनेस्कोच्या सहकार्याने चालते, देशोदेशींच्या अधिकृत यंत्रणांच्या माहितीवर आधारलेली आहे आणि सगळ्यांना खुली आहे. परदेशी विद्यापीठांची मान्यता सांगणाऱ्या जर्मनीच्या अनाबिन यादीत एच-प्लस म्हणजे मान्यता, एच-मायनस म्हणजे नाही. ब्रिटनसाठी विद्यार्थी-प्रायोजकांची सरकारी यादी आहे. तिथे नाव नसेल तर व्हिसासाठी लागणारं ‘कॅस’, म्हणजे प्रवेशाची अधिकृत पुष्टी, ती संस्था देऊच शकत नाही. नाव यादीतल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळतंय का ते पाहा, आणि संकेतस्थळाचा पत्ता शेवटून वाचा. ब्रिटिश विद्यापीठांचं ‘डॉट एसी डॉट यूके’ हे पत्त्याच्या टोकाला असलं तरच त्याला अर्थ आहे. मध्ये कुठेतरी घुसवलेलं असेल तर तो सापळा समजा. ‘डॉट ईडीयू’ २००१ नंतर फक्त अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त संस्थांना मिळतं, पण त्याआधी घेतलेली नावं तशीच राहिली, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका.

एक साधं गणितही उपयोगी पडतं. युरोपीय पद्धतीत १ ईसीटीएस क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, आणि पूर्ण वर्षाची ६० क्रेडिट्स. ब्रिटनची एक वर्षाची मास्टर्स १८० क्रेडिट्सची, सुमारे १,८०० तासांची, आणि त्यातला मोठा वाटा, बहुतेकदा ६० क्रेडिट्स, प्रबंधाचा. आता ‘३ महिन्यांत ६० ईसीटीएस’ ही जाहिरात घ्या. १,५०० ते १,८०० तास १३ आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याला ११५ ते १३८ तास अभ्यास हवा. अख्ख्या आठवड्यात तास १६८. ज्याने हे आकडे लिहिले त्याने अभ्यासक्रम कधी आखलेला नाही.

तिसरं दार फील्डवर्कचं. पैसे भरून झाले की सांगतात, पदवीसाठी ‘अनिवार्य फील्ड प्लेसमेंट’ आहे, खारफुटी लागवडीचा कार्बन प्रकल्प आहे, जागा थोड्या आहेत, तिचं शुल्क वेगळं. खऱ्या विद्यापीठात फील्डवर्कच्या आधी कागदांची एक साखळी असते: नीतिमत्ता समितीची मंजुरी, जोखमीचं मूल्यांकन, विमा, मार्गदर्शकाचं नाव आणि यजमान संस्थेचं पत्र. लोकांच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर संमतीपत्राचा मसुदाही. शिवाय अनेक देशांत संशोधनाचा स्वतंत्र परवाना लागतो. केनियात तो नाकोस्टी ही सरकारी संस्था देते, टांझानियात कॉस्टेक. ठग विद्यार्थ्याला पर्यटक व्हिसावर पाठवतात आणि गावांत प्रश्नावली भरायला लावतात. मग पकडला जातो विद्यार्थी, गोळा केलेली माहिती कोणत्याही प्रबंधात चालत नाही, आणि ज्या गावकऱ्यांनी विश्वासाने आपल्या जमिनीची, पाण्याची, कर्जाची माहिती दिली त्यांचाही विश्वासघात होतो. या शेवटच्या नुकसानीची तक्रार कुणीच नोंदवत नाही, याची खंत वाटते. कार्बन प्रकल्पाचं नाव सांगितलं तर प्रकल्प क्रमांक मागा. असे प्रकल्प प्रमाणित करणाऱ्या व्हेरा आणि गोल्ड स्टँडर्ड या संस्थांच्या नोंदवह्या सार्वजनिक आहेत. प्रकल्प, ठिकाण आणि विकासक तिथे दिसतात. मग त्या विकासकाला स्वतः विचारा की अशी प्लेसमेंट आहे का.

इंटर्नशिपचं आमिषही याच जातीचं. संयुक्त राष्ट्रे भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर पैसे घेत नाहीत. अर्जाला नाही, मुलाखतीला नाही, प्रशिक्षणालाही नाही.

चौथं दार हवामान परिषदेचं: ‘कॉप प्रतिनिधी पॅकेज, ब्लू झोन प्रवेशासह’. वाटाघाटी जिथे चालतात त्या ब्लू झोनचा पास सहसा एखाद्या देशाच्या सरकारने किंवा मान्यताप्राप्त निरीक्षक संस्थेने तुमचं नाव सुचवलं तर मिळतो. परिषदेचं सचिवालय त्याचं शुल्क घेत नाही, आणि पास दुसऱ्याला देता येत नाही. पॅकेज विकणारा बऱ्याचदा ग्रीन झोनपर्यंतच नेतो. तो भाग यजमान देश चालवतो आणि तिथे सर्वसामान्यांनाही जाता येतं.

पैसे गेले असतील तर त्याच दिवशी बँकेला कळवा आणि रक्कम परत बोलावण्याची लेखी विनंती करा. परदेशी खात्यातून पैसे पुढे सरकले की ते मिळणं फार अवघड होतं. कार्डाने भरले असतील तर चार्जबॅकचा, म्हणजे कार्डाचा व्यवहार उलटवण्याचा, दावा टाका, त्याला मुदत असते. पत्रं, पावत्या, ईमेल मूळ स्वरूपात ठेवा, नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. ज्या विद्यापीठाचं नाव वापरलं गेलं त्याच्या प्रवेश विभागालाही कळवा, कारण तेच पत्र आणखी कुणाकडे पोचलेलं असतं. आणि ‘तुमचे पैसे सोडवून देतो, आधी प्रक्रिया शुल्क भरा’ असा फोन येईल, त्याला बळी पडू नका. २०१५ मध्ये कराचीच्या अ‍ॅक्झॅक्ट कंपनीचं शेकडो बनावट शिक्षणसंस्थांचं जाळं उघड झालं, त्यातही जुन्याच गिऱ्हाइकांना अधिकारी असल्याचं भासवून पुन्हा लुबाडलं गेल्याच्या बातम्या आल्या होत्या.

शेवटचं काम बहुतेकांकडून राहून जातं. एजंटने तुमच्या नावाने व्हिसा-अर्ज भरला असेल तर त्याची पूर्ण प्रत मिळवा, जोडलेल्या प्रत्येक कागदासह. खोटं बँकपत्र किंवा खोटा अनुभव दाखला त्याने जोडला असला, तरी अर्जदार तुम्हीच असता. ब्रिटनमध्ये अर्जातील फसवणुकीसाठी १० वर्षांपर्यंत व्हिसा नाकारला जाऊ शकतो. अर्ज अजून निकालात निघाला नसेल तर तो मागे घेण्याबद्दल आणि खुलासा देण्याबद्दल त्या देशाच्या व्हिसा नियमांचा अधिकृत सल्लागार गाठा. पुढच्या अर्जात ‘पूर्वी व्हिसा नाकारला गेला आहे का’ या प्रश्नाला खरं उत्तर द्या, आणि पोलीस तक्रारीची प्रत सोबत जोडा.