व्हीएस कोडमध्ये एक्स्टेन्शन्सना परवानगी यादी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या एडिटरमधली एक्स्टेन्शन्स, म्हणजे वरून जोडायचे छोटे प्रोग्राम, 'एक्स्टेन्शन होस्ट' नावाच्या वेगळ्या नोड (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या) प्रोसेसमध्ये चालतात. वेगळी म्हटल्यावर ती बंदिस्त असेल असं वाटतं, तशी ती नाही. एडिटर उघडणाऱ्या युजरला जे जे वाचता येतं ते तिलाही येतं: एसएसएच की (दुसऱ्या सर्व्हरवर शिरण्याची किल्ली), क्लाउडची क्रेडेन्शियल्स, पासवर्डसारखी गुपितं असलेली एन्व्ह फाइल. मोबाइलवरचं ॲप निदान कॅमेऱ्याची परवानगी मागतं. इथे तेवढंही नाही.

म्हणून व्हीएस कोडच्या १.९६ व्हर्जनपासून आलेली 'एक्स्टेन्शन्स डॉट अलाउड' ही सेटिंग वापरून पाहिली. यादीत नसलेलं एक्स्टेन्शन बसत नाही, आधीपासून असेल तर बंद पडतं. अख्ख्या पब्लिशरला (एक्स्टेन्शन प्रसिद्ध करणाऱ्याला) मुभा देता येते, एकाच एक्स्टेन्शनला देता येते, किंवा ठरावीक व्हर्जनलाच. व्हर्जन बांधणं सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कटकटीचं, कारण प्रत्येक अपडेटला यादीला हात लावावा लागतो. तरी ते करावं. चांगलं एक्स्टेन्शन नंतर बिघडतं ते अपडेटमधूनच: पब्लिशरचं टोकन (अपडेट टाकण्याची डिजिटल किल्ली) चोरीला जातं आणि ऑटो अपडेट बाकीचं काम गुपचूप उरकतं. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये उघड झालेल्या ग्लासवर्म या एक्स्टेन्शन्समधून पसरणाऱ्या मालवेअरमध्ये तर घातक कोड न दिसणाऱ्या युनिकोड अक्षरांत लपवला होता. फाइल डोळ्यांनी चाळणाऱ्याला तिथे रिकामी जागाच दिसणार.

एक मोठी उणीव आहे. आत आलेलं एक्स्टेन्शन सेटिंग्जची फाइल स्वतः बदलू शकतं. यादी दारावरचा पहारेकरी आहे, घरातला नाही. टीमसाठी ती डिव्हाइस पॉलिसीतूनच (ॲडमिनने मशीनवर लावलेल्या नियमांतूनच) लावावी.

मार्केटप्लेसवर, म्हणजे एक्स्टेन्शन्सच्या अधिकृत दुकानात, पब्लिशरच्या नावापाशी दिसणाऱ्या निळ्या टिकचा अर्थ त्याने दाखवलेल्या वेब डोमेनची मालकी त्याच्याकडे आहे आणि तिथली त्याची निदान सहा महिन्यांची नोंद चांगली आहे एवढाच. कोड कुणी तपासला असा नव्हे. डाउनलोडचा आकडाही फुगवता येतो. त्यापेक्षा एक्स्टेन्शनची व्हीएसआयएक्स फाइल उतरवावी, ती झिपच असते, आणि आतली पॅकेज डॉट जेसन ही माहितीची फाइल वाचावी. नुसत्या रंगांच्या थीमला 'मेन' ही, चालवायचा कोड कुठे आहे ते सांगणारी, नोंद लागतच नाही. दिसली तर का आहे ते शोधावं. 'ॲक्टिव्हेशन इव्हेंट्स'मध्ये नुसती ताऱ्याची खूण (*) असेल तर एडिटर उघडताच ते जागं होतं. 'एक्स्टेन्शन पॅक'खाली आणखी कोण कोण येतंय तेही बघावं.

वर्कस्पेस ट्रस्टवर मात्र उगाच भिस्त ठेवली जाते. २०२१ साली १.५७ मध्ये आलेली ही सोय अनोळखी रेपोतल्या (कोडच्या फोल्डरमधल्या) टास्क आणि डीबग कॉन्फिगरेशनपासून वाचवते. अविश्वासू फोल्डरमध्ये चालायचं की नाही हे एक्स्टेन्शन स्वतःच जाहीर करतं, त्यामुळे घातक एक्स्टेन्शन बिनदिक्कत 'हो' लिहून मोकळं होतं.

खरा फरक पडला तो डेव्ह कंटेनरमुळे, म्हणजे प्रोजेक्ट मूळ मशीनपासून वेगळ्या कप्प्यात चालवण्यामुळे. भाषेची, लिंटरची (कोडमधल्या चुका दाखवणारी) एक्स्टेन्शन्स आत चालतात आणि होम फोल्डर माउंट केला नसेल तर त्यांना तो दिसत नाही. थीमसारखी यूआय एक्स्टेन्शन्स तरी मूळ मशीनवरच राहतात. शिवाय एसएसएच एजंट (की सांभाळून तिच्या वतीने सही करणारा प्रोग्राम) चालू असेल तर तो कंटेनरमधूनही वापरता येतो आणि गिटची क्रेडेन्शियल्सही वाटून घेतली जातात. की फाइल चोरता आली नाही तरी एजंटकडून सही करून घेता येते.

घातक ठरलेलं एक्स्टेन्शन मार्केटप्लेस ब्लॉकलिस्टमध्ये टाकतं आणि एडिटर ते आपोआप काढतो. गेलेलं टोकन त्याने परत येत नाही. त्या मशीनवरून वाचता येणारी प्रत्येक की रद्द करून नवी काढावी, आणि ती दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून.